‘इंडियावर्ल्ड’चे पहिले वाचक

मागच्या एपिसोडमध्ये मी बोलता बोलता एक वाक्य टाकलं होतं: भारतातली ऑनलाइन बातमी आधी भारताबाहेरच्या माणसांसाठी जन्माला आली. त्यावर तुमच्यापैकी दोघा-तिघांनी भुवया उंचावल्या. हे जरा जास्तच होतंय, एनआरआय लोकांना उगाच भाव देताय, असं म्हणणं होतं. एपिसोडमध्ये वेळ नव्हता म्हणून पुढे काही बोलले नाही. इथे सविस्तर सांगते, कारण ते वाक्य मी अलंकारिक अर्थाने म्हटलं नव्हतं. अक्षरशः तसंच झालं होतं.

सुरुवात माझ्या शेजारापासून करते. मी राहते ते कापेल आन डेन आयसेल म्हणजे रॉटरडॅमला पूर्वेकडून चिकटलेलं गाव. मेट्रोच्या सी लाइनचं शेवटचं स्टेशन, डे टेर्प, इथेच. माझ्या बिल्डिंगपासून दहा मिनिटांवर एक मराठी काका राहतात. १९९८ साली ते इथे आले, कारण त्या काळात युरोपातल्या बँकांना प्रोग्रामर कमी पडत होते. एकीकडे दोन हजार सालचा तारखांचा घोळ, दुसरीकडे १ जानेवारी १९९९ पासून लागू होणारा युरो. काकांना मी विचारलं, तेव्हा बातम्या कशा कळायच्या हो? ते म्हणाले, “ऑफिसला अर्धा तास आधी जायचो. घरी फोनवरून नेट लावलं की मिनिटावर बिल चढायचं. ऑफिसात कुणी यायच्या आत कॉफी घ्यायची आणि समाचार उघडायचं. त्यानंतर काम.”

समाचार म्हणजे समाचार डॉट कॉम. तुम्ही ते पाहिलं नसणार. आई-बाबांना विचारा, त्यांना पान डोळ्यांसमोर दिसेल. दिसायला अगदी ओबडधोबड: वेगवेगळ्या भारतीय वृत्तपत्रांच्या मथळ्यांची यादी, मथळ्यावर क्लिक केलं की त्या-त्या पेपरच्या साइटवर जायचं. चित्रं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे मंद कनेक्शनवरही पान पटकन उघडायचं. हे पान ज्या कंपनीचं होतं तिचं नाव इंडियावर्ल्ड, आणि ती काढली होती मुंबईच्या राजेश जैन यांनी.

जैन यांची सुरुवातीची वाट तुमच्यातल्या अनेकांना ओळखीची वाटेल. १९८८ मध्ये पवईच्या आयआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात मास्टर्स, मग तिथेच नायनेक्स या टेलिफोन कंपनीत नोकरी. पुढची ओळख मात्र इथे संपते, कारण १९९२ मध्ये ते परत गेले. मुंबईत येऊन त्यांनी सॉफ्टवेअरचे दोन-तीन धंदे करून पाहिले आणि ते चालले नाहीत. हे अपयश ते स्वतः मोकळेपणाने सांगतात. १९९४ च्या सुमाराला वेब नावाची गोष्ट अमेरिकेत पसरू लागली होती. अमेरिकेत राहताना भारताची बातमी मिळवायला काय यातायात पडते, हे जैन यांनी स्वतः भोगलं होतं. १३ मार्च १९९५ रोजी इंडियावर्ल्ड सुरू झालं.

आता ही तारीख दुसऱ्या एका तारखेशेजारी ठेवा. भारतात सर्वसामान्य माणसाला पैसे भरून इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलतर्फे. त्याआधी इंटरनेट होतं, पण ते अर्नेट या शैक्षणिक जाळ्यावर. मुंबईत जुहूच्या एनसीएसटीसारख्या संस्था आणि आयआयटीवाले ते वापरायचे. सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

म्हणजे इंडियावर्ल्ड सुरू झालं तेव्हा ज्या देशाची बातमी ते देत होतं, त्या देशातल्या वाचकाला ते उघडून पाहण्याची सोयच नव्हती. ही स्थिती पाच महिने राहिली. नंतर दार उघडलं तरी आत शिरायचं भाडं मोठं होतं. व्हीएसएनएलचं ग्राफिक्स दाखवणारं खातं ५०० तासांना सुमारे १५,००० रुपये, आणि वेग ९.६ केबीपीएस. सांगलीतल्या आमच्या घरी तेव्हा फोनसुद्धा नवा होता. साइटचा सर्व्हर अमेरिकेत, वाचक अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, आखातात, आणि बातमी भरणारी माणसं मुंबईत. तुमच्या आधीच्या पिढीतली, विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये रात्री बसलेली मुलं-मुली हे त्या बातमीचे ‘जादाचे’ वाचक नव्हते. दुसरा वाचकच नव्हता. भुवया आता खाली आल्या असतील तर पुढे जाऊ.

मी या देशात राहते म्हणून मला इथली तुलना टाळता येत नाही. डच लोकांचं सार्वजनिक इंटरनेट सुरू झालं ते जवळजवळ त्याच सुमाराला, पण अगदी उलट्या बाजूने. १५ जानेवारी १९९४ ला अॅमस्टरडॅममध्ये ‘डे डिजिटाले स्टाड’, म्हणजे डिजिटल शहर, उघडलं. डे बाली हे सांस्कृतिक केंद्र आणि हॅक-टिक हा हॅकरांचा गट एकत्र आले, नगरपालिकेने पैसे दिले. मार्चमध्ये पालिका निवडणूक होती, तेव्हा नागरिकांना नगरसेवकांशी बोलता यावं, पालिकेची कागदपत्रं वाचता यावीत, हा हेतू. मूळचा बेत दहा आठवड्यांचाच होता. मोडेम बघता बघता दुकानांतून संपले आणि शहर पुढे कितीतरी वर्षं चाललं. मार्लेन स्टिकर या त्याच्या ‘महापौर’ होत्या. तिथे आपल्याच गल्लीतला माणूस आपल्याच गल्लीविषयी बोलत होता. आपल्याकडे सुरुवात झाली ती गाव सोडून गेलेल्या माणसासाठी. मला वाटतं, या एका फरकातून पुढचं बरंच काही निघतं.

गाव सोडलेल्या माणसाला काय हवं असतं? इंडियावर्ल्डने ते फार नेमकं ओळखलं. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी एका मोठ्या साइटच्या अनेक छोट्या साइट केल्या आणि त्यांना साधी हिंदी नावं दिली. समाचार म्हणजे बातम्या, खेल म्हणजे क्रिकेट, खोज म्हणजे शोध, बावर्ची म्हणजे पाककृती. ही नावं रोमन लिपीत लिहिलेली, साइट इंग्रजीत, पण उच्चारताच घरचं वाटणारी. बावर्चीवर वाचकच आपल्या पाककृती पाठवायचे. एकटं राहणाऱ्या, आयुष्यात कधी कुकर न लावलेल्या किती मुलांनी तिथून वरण शिकलं असेल! काका म्हणतात, “मी समाचार वाचायचो, तुझी काकू बावर्ची छापून घ्यायची.”

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल आणि क्रिकेटचा विश्वचषक एकाच वेळी चालू होते. त्या विश्वचषकातला दक्षिण आफ्रिका-केनिया सामना इथे, अॅमस्टेलव्हेनला झाला होता, हे मला इथे आल्यावर कळलं. काका तेव्हा दिवसातून पाच-सहा वेळा पान रिफ्रेश करायचे. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. “दिल्लीचं सगळं कळायचं. सांगलीचं काही नाही. सांगलीचं बाबांच्या पत्रात.”

यात जैन यांचा दोष काढता येणार नाही. मराठी बातमी वेबवर आणणं तेव्हा खरोखर कटकटीचं होतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण लोकांच्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला विंडोज २००० आणि त्यातल्या मंगल फॉन्टपर्यंत थांबावं लागलं. तोवर प्रत्येक पेपरचा स्वतःचा फॉन्ट. तो उतरवून घेतला नाही तर पानावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मराठी माणसांनी वेबवर पहिलं घर बांधलं तेही परदेशातच: अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून १९९६ च्या गणेश चतुर्थीला मायबोली सुरू केली. आमच्या आजोबांच्या पिढीने कोल्हापूर सोडून मुंबईला गेल्यावर गावाकडच्या पेपराची वाट पाहिली असेल. या पिढीला मात्र मातृभाषेतला पेपर पडद्यावर दिसावा म्हणून आधी फॉन्ट शोधावा लागला. एवढा खटाटोप सकाळी कामाआधी कोण करणार? सवय इंग्रजी मथळ्यांची लागली. आज तुमच्यापैकी अनेकजण भारताची बातमी इंग्रजीतूनच वाचता, त्याला एकटं शाळेचं माध्यम जबाबदार नाही.

आता एक प्रश्न, ज्यावर माझं आणि आमच्या पॉडकास्टमधल्या सहकाऱ्याचं अजून एकमत नाही. जैन यांना ऑनलाइन पत्रकारितेचे प्रवर्तक म्हणायचं का? माझं मत: माध्यमाचे प्रवर्तक, नक्की. पत्रकारितेचे म्हणताना मी जरा थांबते. समाचार ही बातमीदारी नव्हती. रेल्वे स्टेशनबाहेर पेपरवाला सगळे पेपर मथळे दिसतील असे दोरीवर लावून ठेवतो, तसा तो स्टॉल होता. पत्रकारिता म्हणाल तर ती शेजारच्या दुकानात चालू होती. अजित बालकृष्णन यांचं रेडिफ १९९६ मध्ये मुंबईतूनच सुरू झालं, निखिल लक्ष्मण त्याचे संपादक झाले, आणि तिथे मुलाखती, स्तंभ, स्वतःचं वार्तांकन असं खरंखुरं संपादकीय काम उभं राहिलं. ‘द हिंदू’ १९९५ मध्येच वेबवर आलं होतं, पण तो छापील पेपरचाच विस्तार होता. जैन यांनी वेगळी गोष्ट ओळखली. बातमी लिहिण्यापेक्षा वाचक रोज सकाळी कुठल्या दारातून आत येतो, ते दार आपलं असणं महत्त्वाचं. आज गूगल न्यूज किंवा तुमच्या फोनवरचं फीड हेच करतं. १९९९ मध्ये नेदरलँड्सात एनयू डॉट एनएल सुरू झालं, तेही कुठल्या छापील पेपरचं अपत्य नव्हतं, आणि अजून इथे लोक सकाळी तेच उघडतात.

त्या दाराची किंमत काय होती हे १९९९ च्या नोव्हेंबरअखेरीस कळलं. सत्यम इन्फोवे ही कंपनी ऑक्टोबरमध्येच नॅसडॅकवर नोंदली गेली होती. तिथे पोचलेली ती पहिली भारतीय इंटरनेट कंपनी. तिने इंडियावर्ल्ड विकत घेण्याचं जाहीर केलं. किंमत ४९९ कोटी रुपये, म्हणजे साधारण साडेअकरा कोटी डॉलर. पाचशेला एक कमी, बाटाच्या चपलेसारखी! मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. आमच्याकडे पेपर मोठ्याने वाचला जायचा आणि बाबा त्या बातमीशी येऊन थबकले होते. “कारखाना नाही, जमीन नाही, मशीन नाही. मग विकलं काय?” त्यांचा प्रश्न बावळट नव्हता. विकली होती ती सवय. काकांसारख्या हजारो लोकांचा कामाआधीचा अर्धा तास.

योगायोग म्हणून सांगते, त्याच १९९९ मध्ये माझ्या घराजवळ रिव्हियम बिझनेस पार्कला जाणारी बिनचालकाची छोटी गाडी, पार्कशटल, सुरू झाली. त्या वर्षी सगळ्यांनाच भविष्य दारात येऊन उभं राहिल्यासारखं वाटत होतं. १० मार्च २००० ला नॅसडॅकने शिखर गाठलं. आठवड्याने, १७ मार्चला, इथल्या रॉटरडॅमच्या वर्ल्ड ऑनलाइन या इंटरनेट कंपनीचा शेअर ४३ युरोंना बाजारात आला. संस्थापिकेने आपले बरेच शेअर आधीच फार कमी भावाने विकले होते, हे नंतर उघड झालं आणि भाव कोसळला. कितीतरी साध्या डच कुटुंबांची बचत त्यात गेली. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने गुंतवणूकदारांची दिशाभूल झाल्याचं मान्य केलं. जैन यांनी अशा वेळी विकलं की त्यानंतर काही महिन्यांनी कुणी तेवढे पैसे दिले नसते. लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणेन, आधी दोन-तीनदा बुडालेल्या माणसाला पाणी कुठे खोल आहे ते कळतं.

बहुतेक लेख इथे संपतात, पाचशे कोटींवर. मला मात्र पुढचं जास्त बोलकं वाटतं. नेटकोअर ही दुसरी कंपनी जैन यांनी स्वतःकडे ठेवली होती. तिने २००७ च्या आसपास मायटुडे नावाची सेवा आणली: मोबाइलवर रोज मोफत एसएमएस. मथळे, क्रिकेट, आरोग्याच्या टिपा, आणि शेवटी एका ओळीची जाहिरात. आता वाचक भारतातलाच होता, कारण फोन खिशाखिशात पोचले होते. दार तेच, जागा बदललेली. (इथेही भाषेची मेख होतीच. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची ७०. मराठी मथळा अर्ध्या जागेत बसवायचा, नाहीतर दोन एसएमएसचे पैसे मोजायचे.)

त्यानंतर राजकारण. २०११ च्या जूनमध्ये जैन यांनी एक लेख लिहिला, ‘प्रोजेक्ट २७५ फॉर २०१४’: भाजपने आघाडीच्या भरवशावर न राहता स्वतःच्या बळावर बहुमत कसं मिळवावं, याचा आराखडा. पुढे त्यांनी निती डिजिटल ही यंत्रणा उभी केली. त्यात निती सेंट्रल हे बातम्या आणि मतांचं व्यासपीठ होतं, मतदारांच्या माहितीचं काम होतं, आणि २०१४ च्या मोदींच्या प्रचारासाठी ते वापरलं गेलं. काही वर्षांनी ते त्याच सरकारवर उघड टीका करू लागले आणि ‘नयी दिशा’ ही स्वतःची मोहीम त्यांनी काढली. ती फार पुढे गेली नाही. नेटकोअर आज कंपन्यांना ग्राहकांपर्यंत संदेश पोचवण्याचं तंत्र विकते.

तुम्हाला त्यांचं राजकारण पटो वा न पटो, मला त्यात कोलांटी दिसत नाही. परदेशातल्या वाचकापर्यंत मथळा, मग फोनपर्यंत एसएमएस, मग मतदारापर्यंत प्रचार, मग ग्राहकापर्यंत ईमेल. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता, समोरच्या माणसापर्यंत रोज कसं पोचायचं. काय पोचवायचं हे प्रत्येक वेळी बदललं. बातमी हा त्यातला पहिला माल होता, एवढंच. वृत्तपत्र काढणाऱ्या माणसांच्या चरित्रात असं सहसा दिसत नाही. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला तो आत काय छापायचं यावरून मतभेद झाले म्हणून, आणि नवा ‘सुधारक’ काढला तोही त्यासाठीच.

मालाला दुय्यम स्थान असलं की तो जपला जात नाही. संशोधक म्हणून मला याचं दुःख आहे, ते तुमच्यापुढे मांडते. ‘दर्पण’ हे बाळशास्त्री जांभेकरांचं पत्र ६ जानेवारी १८३२ ला निघालं. त्यातला मजकूर आज वाचता येतो. १९९५ च्या मार्चमधलं इंडियावर्ल्ड वाचता येत नाही. इंटरनेट आर्काइव्हच १९९६ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आधीचं तिथे असण्याचा प्रश्नच नाही, आणि नंतरचं आहे तेही तुटक. भारतात १९५४ च्या कायद्यानुसार छापलेलं पुस्तक आणि पुढे वृत्तपत्रही कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या एशियाटिकसारख्या ग्रंथालयांना द्यावं लागतं. तो कायदा कागदासाठी आहे. पडद्यावरचं पान कुणाला देणं लागत नाही.

डच लोकही फार शहाणे होते असं नाही. इथे तर पुस्तकं जमा करण्याचीसुद्धा कायद्याने सक्ती नाही, आणि हेगच्या राजग्रंथालयाने साइट साठवायला सुरुवात केली ती २००७ मध्ये. पण डिजिटल शहरातल्या कुणाला तरी १९९६ मध्ये सुचलं की सगळं शहर एकदा गोठवून टेपवर भरून ठेवावं. शहर २००१ च्या सुमाराला संपलं. पुढे २०११ मध्ये अॅमस्टरडॅम म्युझियमने जुन्या रहिवाशांना हाक दिली: माळ्यावरच्या डिस्क, टेप, कॉम्प्युटर घेऊन या. लोक आले. त्या टेप वाचायला जुनी यंत्रं शोधावी लागली, आणि शहराचा काही भाग पुन्हा उभा राहिला. वस्तुसंग्रहालयात काम करणाऱ्या माणसांनी फावडं न घेता केलेलं ते उत्खनन होतं.

इंडियावर्ल्डसाठी अशी हाक कुणी देणार असेल तर ती मुंबईत देऊन उपयोग नाही. तिथे वाचकच नव्हते. वाचक एडिसनला होते, स्लाउला होते, दुबईत होते आणि थोडे इथे कापेलमध्ये. जुन्या सीडी, ऑफिसमधून आणलेल्या फ्लॉपी, कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून काढलेले प्रिंटआउट यांतलं काही तुमच्या आई-बाबांच्या तळघरात असेल तर टाकायच्या आधी आम्हाला कळवा.

काकांना मी हेच विचारलं. ते आधी नाही म्हणाले, मग आत गेले आणि १९९९ चा एक दिवाळी अंक घेऊन आले. त्यात घडी घालून ठेवलेला एक कागद होता. कारगिलच्या दिवसांत ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेलं समाचारचं पान. खाली डाव्या कोपऱ्यात पत्ता, उजवीकडे तारीख, मध्ये ‘तीनपैकी एक’. मी उरलेली दोन पानं विचारली. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “पाठकोऱ्या होत्या. त्यावर मी बावर्चीतलं उतरवून घेतलं असणार.”